रात्री दोन वाजता कूस कोण बदलणार?

गेल्या पावसाळ्यात कल्याण पूर्वेतल्या एका चाळीतून आम्हाला बोलावणं आलं. घरातल्या सासऱ्यांना पॅरालिसिस होऊन आठ महिने झाले होते, डावी बाजू गेली होती. दहा बाय बाराची खोली, लादीवर गादी, गादीवर मेणकापड. त्यांना कुशीवर घेतलं तर माकडहाडावर पुरीएवढी जखम. कडा काळ्या पडलेल्या आणि वास येत होता. सून दाराशी उभी होती. आम्ही काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "ताई, सगळे म्हणतात मीच बघितलं नाही."

बोलता बोलता कळलं की ही सून ब्युरोमार्फत पेशंट-ड्युटी करते. घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये, रात्री आठ ते सकाळी आठ, एका अंथरुणाला खिळलेल्या आजोबांजवळ. तिथं हँडल फिरवून वरखाली होणारा पलंग आहे, हवेची गादी आहे आणि भिंतीला चार्ट लावलेला आहे. दर दोन तासांनी आजोबांची कूस बदलायची आणि चार्टवर सही करायची. दीड वर्षात त्या आजोबांना कुठे जखम झालेली नाही. सकाळी ती घरी येते, पाणी भरते, स्वयंपाक करते, मुलांना शाळेत धाडते, सासऱ्यांचं अंग पुसते, कपडे बदलते आणि मग जमलं तर दोन-तीन तास पाठ टेकते.

म्हणजे तिला काम येत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. ती रात्रभर परक्याच्या बापाची कूस बदलत होती आणि तिच्या घरात त्याच वेळी दोन धडधाकट पुरुष, नवरा आणि दीर, सासऱ्यांपासून चार फुटांवर झोपलेले होते. आठ महिन्यांत एकाही रात्री त्यांच्यापैकी कुणी उठलं नव्हतं. ते वाईट माणसं नाहीत. बापाच्या औषधाला त्यांनी कर्ज काढलं आहे. पण कूस बदलायची असते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सुनेनं सांगितलं तेव्हा 'ते बायकांचं काम' म्हणून त्यांनी ते सोडून दिलं होतं.

ठाणे, कळवा, दिवा, कल्याण, डोंबिवली भागातल्या वस्त्यांत आम्ही चौघी रविवारी अशा घरांत जातो. आमच्यातल्या दोघी नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्या, एक दवाखान्यातून निवृत्त झालेली आया, एक बालवाडीची बाई. या जखमेला कुणी बेडसोर म्हणतं, कुणी बेडसोल म्हणतं. नाव काहीही घ्या, घरोघरी तिच्याबद्दल दोनच समजुती ऐकू येतात. एक, 'अंथरुणाला खिळला म्हणजे पाठ सडणारच.' दुसरी, 'सुनेनं हयगय केली.' आमच्या अनुभवात दोन्ही समजुती खोट्या आहेत, आणि दुसरी तर अन्यायाची आहे.

पहिल्या समजुतीचं उत्तर परळच्या के.ई.एम. रुग्णालयानं दिलेलं आहे. अरुणा शानबाग ही तिथली नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ च्या रात्री तिच्यावर रुग्णालयातच अत्याचार झाला, मेंदूला इजा झाली आणि ती पुन्हा कधी उठली नाही. १८ मे २०१५ ला न्यूमोनियानं ती गेली. साडेएकेचाळीस वर्षं. तिला इच्छामरण द्यावं की नाही हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, ७ मार्च २०११ ला निकाल लागला, आणि त्या निकालाची चर्चा देशभर झाली. चर्चा दयामरणाची झाली. आम्हा नर्सेसच्या मनात मात्र त्यातली दुसरीच एक नोंद राहिली: इतकी वर्षं अंथरुणात पडून असूनही तिला बेडसोर झालेला नव्हता. १९७३ साली कुठल्या हवेच्या गाद्या होत्या? होते ते हात. पिढ्यान्‌पिढ्या नर्सेस बदलल्या, तिला कधी न भेटलेल्या मुली नोकरीला लागल्या आणि त्यांनीही तिला भरवलं, पुसलं, वळवलं.

पण हे उदाहरण देताना आम्हाला दरवेळी एक धाक असतो. कुणीतरी लगेच सुनेकडे वळून म्हणतं, "बघ, त्या नर्सेसनी केलं, तुला का जमत नाही?" अहो, के.ई.एम.मध्ये एक बाई साडेएकेचाळीस वर्षं जागी राहिली नव्हती. तीन पाळ्या होत्या. एकीची ड्युटी संपली की दुसरी येत होती. एकीला ताप आला तर तिच्या जागी तिसरी. तुमच्या घरात दुसरी पाळी कुणाची आहे ते आधी सांगा.

आम्ही डिप्लोमा करत होतो तेव्हा फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं म्हणणं शिकवलं जायचं. १८५९ च्या तिच्या पुस्तकात असं आहे की रोग्याला बेडसोर झाला तर बहुतेक वेळा दोष आजाराचा नसतो, शुश्रूषेचा असतो. आम्ही ते पाठ केलं आणि वॉर्डात तीस-चाळीस पेशंटना दोन नर्स असताना त्याच वाक्यानं आम्हाला झोडपलं गेलं. शुश्रूषा म्हणजे एकटी नर्स नव्हे. किती हात आहेत, गादी कशी आहे, पाणी-साबण आहे का, जेवण पुरतं का, हे सगळं मिळून शुश्रूषा होते. आणि सगळं असूनही कधी कधी जखम होतेच. सिनेमातला सुपरमॅन, ख्रिस्तोफर रीव्ह, १९९५ साली घोड्यावरून पडून मानेखाली लुळा झाला. पैसा होता, चोवीस तास माणसं होती. तरी ऑक्टोबर २००४ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्यावर अशाच एका चिघळलेल्या जखमेचे उपचार चालू होते. तेव्हा जखम दिसली की आरोपी शोधू नका. हात शोधा.

जखम होते कशी, ते एकदा नीट समजून घेऊ या. आपण झोपेत किती वेळा वळतो ते आपल्यालाच कळत नाही. दबलेल्या भागाला रग लागली की शरीर आपोआप हलतं. पॅरालिसिस झालेल्याला, मणका मोडलेल्याला, खुब्याचं हाड मोडलेल्या आजीला, बेशुद्ध पेशंटला ते जमत नाही. मग एका बाजूनं हाड आणि दुसऱ्या बाजूनं गादी, मध्ये कातडी आणि मांस चेपलं जातं. तिथं रक्त पोचत नाही. काही तासांत आतलं मांस मरू लागतं, आणि वरून पाहिलं तर अजून काहीच दिसत नसतं. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर, पाठीची फऱ्याची हाडं, डोक्याची मागची बाजू, कान, जिथं हाड कातडीच्या जवळ आहे तिथं हे होतं. शिवाय रोग्याला गादीवरून वर ओढताना हाड पुढं सरकतं आणि कातडी चादरीला धरून मागं राहते, त्यात आतल्या बारीक नसा तुटतात. लघवी-संडासच्या ओलीनं कातडी भिजून मऊ पडते, मग ती लवकर फाटते.

आता एक गोष्ट आम्हाला ठासून सांगायची आहे, कारण ती आम्हालाही फार उशिरा कळली. पुस्तकात लिहिलेलं असतं, 'कातडी लाल दिसली तर सावध व्हा.' ही पुस्तकं गोरी कातडी समोर ठेवून लिहिलेली आहेत. आपल्या सावळ्या, काळ्या कातडीवर लाली दिसतच नाही. लाल होण्याची वाट बघत बसलो तर थेट फोडच दिसतो. म्हणून आपल्याकडे डोळ्यांपेक्षा हातावर भरवसा ठेवायचा. रोज अंग पुसताना मोबाईलची बॅटरी लावून बघा. आजूबाजूपेक्षा काळपट, जांभळट किंवा चकाकणारा भाग आहे का? हाताची पालथी बाजू लावा. बाजूच्या कातडीपेक्षा तिथं जास्त गरम लागतं का, की गार? दाबून बघा. कडक आहे की पिकल्या फळासारखं मऊ? डाव्या खुब्याची उजव्याशी तुलना करा. रोग्याला कळत असेल तर विचारा, तिथं दुखतं का, जळजळतं का. एवढ्यावर लक्षात आलं आणि त्या जागेवरचा भार पूर्ण काढला तर बहुतेक वेळा कातडी पुन्हा पूर्ववत होते. तिथं चोळायचं मात्र नाही. आजीच्या प्रेमानं तेल लावून रगडलं तर आतलं दुखावलेलं मांस आणखी मरतं. तेल, व्हॅसलीन लावायचं तर चांगल्या कातडीला, हलक्या हातानं.

कूस बदलायची दर दोन तासांनी. उताणं, डावी, उताणं, उजवी. वळवायची रीत अशी. ज्या बाजूला वळवायचं त्या बाजूला उभे राहा. आधी रोग्याला चादरीसकट थोडं पलीकडं सरकवा, नाहीतर वळल्यावर तो काठावर येतो. पलीकडचा गुडघा दुमडा, पलीकडचा हात छातीवर घ्या. तुमचा एक हात त्यांच्या पलीकडच्या खांद्यामागं, दुसरा खुब्यामागं. "बाबा, आता वळवतोय" असं सांगा, एक-दोन-तीन म्हणा आणि आपल्याकडं वळवा. माणसाला गोणीसारखं न सांगता लोटू नये, त्याला कळत नसलं तरी. पूर्ण खुब्यावर आडवं ठेवू नका. पाठीमागं उशी लावून अर्धवट कललेलं ठेवा, म्हणजे भार खुब्याच्या टोकावर येत नाही. दोन गुडघ्यांच्या मध्ये एक उशी किंवा गोधडीची घडी. लुळा खांदा अंगाखाली दुमडून राहिला नाही ना ते बघा. उताणं असताना पोटऱ्यांखाली उशी द्या, टाचा अधांतरी राहिल्या पाहिजेत. टाचेखाली कापडाची चुंबळ किंवा माकडहाडाखाली रबरी ट्यूब ठेवायची पद्धत सोडून द्या. तिच्या कडेनं रक्त आणखी अडतं.

वर सरकवायचं असेल तर काखेत हात घालून ओढू नका. लकव्याचा खांदा असा ओढल्यानं सांध्यातून निसटतो आणि मग तो दुखण्यानं रडत राहतो, बिचाऱ्याला सांगताही येत नाही. जुनी सुती साडी चारपदरी करून खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली घाला. दोघांनी दोन बाजूंनी तिची टोकं गुंडाळून धरायची, एक-दोन-तीन म्हणायचं आणि किंचित उचलून सरकवायचं. डोक्याकडून पलंग किंवा उशा फार उंच करून तासन्‌तास ठेवलं तर माणूस घसरत खाली येतो आणि माकडहाड घासतं. जेवताना उंच करा, जेवणानंतर अर्ध्या-पाऊण तासानं खाली आणा. खुर्चीत बसवलं तर तिथंही बैठकीवर भार असतो, दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडं कलवा आणि तास-दीड तासात परत आडवं करा.

हवेची गादी घेतली म्हणजे काम संपलं असं नाही. ती मदत करते, कूस तुम्हालाच बदलायची असते. आणि आपल्या वस्त्यांत वीज गेली की ती गादी चपटी होऊन रोगी थेट फळीवर येतो, हे दुकानदार सांगत नाही.

खाण्याकडं दुर्लक्ष होतं. अंथरुणात पडलेल्या माणसाला भाताची पेज देत राहतात. कातडी भरायला प्रथिनं लागतात. अंडं, डाळ, शेंगदाणे, दूध, मासे, सुकट, चिकन, जे परवडेल ते बारीक करून, थोडं थोडं, पाच वेळा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून. साखर असेल तर ती ताब्यात ठेवल्याशिवाय जखम भरत नाही. जखम झालीच असेल तर तिच्यात हळद, राख, चुना, पावडर, स्पिरिट काही घालू नका. वास, पू, काळं मांस, ताप, हाड दिसणं, यातलं काहीही असलं तर घरी वेळ घालवायचा नाही, दवाखाना गाठायचा.

आता ज्या पाठीवर हे सगळं चालतं तिच्याविषयी. भरलेला घरगुती गॅस सिलिंडर जवळपास तीस किलोचा असतो. तो पोटमाळ्यावर चढवायचा तर आपण हाक मारून दोन माणसं बोलावतो. पंचावन्न-साठ किलोच्या सासऱ्यांना संडासला बसवायला मात्र चाळीस-पंचेचाळीस किलोची सून एकटी पुरते असं आपण कसं धरलं? अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी निऑश नावाची सरकारी संस्था आहे. तिनं घालून दिलेली मर्यादा अशी की रोग्याला हाताळताना एका माणसानं साधारण सोळा किलोहून जास्त भार आपल्या हातावर घेऊ नये. सोळा किलो! आमच्यातल्या एकीची कंबर तिशीतच गेली. एका खासगी नर्सिंग होममध्ये रात्री एकटीनं ऑपरेशनच्या पेशंटला स्ट्रेचरवरून पलंगावर घेताना. वॉर्डबॉयची जागा मालकानं भरली नव्हती. नोकरी गेली, भरपाई काही नाही. आज ती वाकून चप्पलसुद्धा घालू शकत नाही. पेशंट-ड्युटीला जाणाऱ्या आपल्या शेकडो बायांच्या पाठी अशाच झिजतायत. ब्युरो कमिशन घेतो, पण उचलायचं कसं हे एक दिवसही शिकवत नाही.

म्हणून स्वतःला सांभाळायचं ते असं. पलंग असेल तर त्याच्या पायांखाली ठोकळे देऊन तो आपल्या कमरेच्या उंचीजवळ आणा, आधी हलवून बघा, डगमगता कामा नये. रोगी जमिनीवरच असेल तर कमरेतून वाकू नका, एक गुडघा जमिनीला टेकवून बसा. पायांत अंतर, गुडघे वाकलेले, रोगी अंगाजवळ, आणि कमरेतून पीळ घेऊन कधी उचलायचं नाही, पाय वळवायचे. उभं करताना रोग्याच्या कमरेला रुंद पट्टा किंवा मजबूत ओढणी बांधून ती धरा, हात धरून खेचू नका. व्हीलचेअर पलंगाला खेटून लावा आणि दोन्ही ब्रेक लागले का ते हातानं बघा. पोटमाळ्याच्या किंवा चाळीच्या जिन्यावरून उतरवायचं झालं तर लाकडी नाहीतर लोखंडी मजबूत खुर्चीत बसवून, चादरीनं बांधून, किंचित मागं कलवून दोघांनी-तिघांनी न्या. प्लॅस्टिकची खुर्ची नको. तिचा पाय जिन्यात मोडला की संपलं. आणि लोकलमधून पडलेला किंवा बांधकामाच्या परांचीवरून कोसळलेला माणूस असेल तर त्याला चार जणांनी हातपाय धरून उचलायचंच नाही. मान आणि पाठ जशी आहे तशी राहू द्या, १०८ ला फोन करा. तिथं घाई करून उचलल्यामुळं मणक्यातली नस तुटू शकते आणि मग जन्मभराचं हेच अंथरूण वाट्याला येतं.

हे सांगायला लागलो की एखादे वडीलधारे म्हणतात, "सावित्रीमाईंनी प्लेगमधल्या पोराला पाठीवर घालून नेलं होतं. आजच्या बायकांना काय झालं?" १८९७ साली, साथ पसरलेली, आपल्या पोराला हात लावायला कुणी तयार नाही, म्हणून माईंनी त्याला पाठीवर घेतलं. त्यातच त्यांचाही जीव गेला. ज्या गल्लीत आज चाळीस जवान पोरं आहेत तिथं एका बाईकडून रोज तसं बलिदान मागणं हा माईंचा मान नव्हे.

उलट विनयपिटकाच्या महावग्गातली एक घटना आठवावी. एक भिक्खू अतिसारानं आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेला. बाकीचे भिक्खू त्याच्याकडं बघत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं. स्वतः पाणी ओतलं, आनंदानं त्याला धुतलं. मग डोक्याकडून भगवंतांनी आणि पायाकडून आनंदानं धरलं, आणि दोघांनी मिळून त्याला मंचकावर ठेवलं. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात भगवंतांच्या रुग्णांविषयीच्या आस्थेला स्वतंत्र जागा दिली आहे. ही गोष्ट विहारात करुणा म्हणून सांगितली जाते, ते बरोबरच आहे. आम्ही नर्सच्या नजरेनं बघतो तेव्हा त्यात आणखी दोन गोष्टी दिसतात. ते काम दोन पुरुषांनी केलं. आणि उचलताना दोघं होते. भगवंतांनीसुद्धा एकट्यानं उचललं नाही.

तेव्हा आमची विहार समित्यांना, महिला मंडळांना आणि तरुणांच्या मंडळांना विनंती आहे. आपल्या वस्तीत अंथरुणाला खिळलेली माणसं किती, याची यादी आज कुणाकडं आहे का? वर्गणीची यादी असते, घर क्रमांकासकट. तशीच ही करा. ज्या घरात एकटी बाई आहे तिथं दिवसातून दोन वेळा दोन माणसं जातील एवढी पाळी लावा. आंघोळ घालायला आणि दुपारची कूस बदलायला. पुरुष रोग्याकडं पुरुष जाऊ देत, म्हणजे संकोचाचं कारण उरत नाही. रोगी गेल्यावर घरोघरी माळ्यावर पडलेली व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, वॉकर, हवेची गादी विहारात एका कपाटात जमा करा आणि लागेल त्याला द्या. पुण्यानुमोदनाला भांडी वाटण्यापेक्षा एक गादी दान करा. चौदा एप्रिलच्या डीजेच्या एका रात्रीच्या पैशांत अशा किती गाद्या येतील याचा हिशेब प्रत्येक मंडळानं स्वतःच करावा. आम्ही बोललो तर राग येतो.

शेजाऱ्यांच्या पाळीवर सगळं ढकलून सरकारला मोकळं सोडायलाही आम्ही तयार नाही. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २४ मध्ये, जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद लिहिलेली आहे. 'आर्थिक क्षमतेनुसार' असा शब्द घालून सरकारनं दार अर्धं लावून ठेवलंय, पण दार आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिकांनी आपल्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो. तो कशावर खर्च झाला, अंथरुणातल्या माणसांच्या वाट्याला त्यातलं काय आलं, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या ठरलेल्या सेवांत वृद्धांची आणि दीर्घ आजाऱ्यांची काळजी येते. मग आठवड्यातून एकदा नर्स घरी का येत नाही? हे विचारायला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड आधी काढून ठेवा. पॅरालिसिसवाल्या कितीतरी घरांत ते काढलेलंच नसतं, कारण 'म्हातारपणाचा आजार' म्हणून सोडून दिलेलं असतं. पासष्ट वर्षांवरच्यांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत कमोड-खुर्ची, वॉकर अशा साधनांसाठी तीन हजार रुपयांची तरतूद आहे, तिचाही अर्ज भरा.

कल्याण पूर्वेतल्या त्या सासऱ्यांना आम्ही दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात हलवलं. मेलेलं मांस काढावं लागलं. पाच महिने ड्रेसिंग चाललं. आता जखम रुपयाच्या नाण्याएवढी राहिली आहे. घरी गेल्यावर आम्ही नवऱ्याला आणि दिराला समोर बसवून चारपदरी साडी धरायला शिकवलं. पहिल्यांदा दोघं हसले. दुसऱ्या वेळी धाकट्यानंच एक-दोन-तीन म्हटलं. आता जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेननं रकाने आखलेत. दहाला नातू, बाराला नवरा, दोनला दीर. सहाला सासूबाई कुणाला तरी उठवतातच. सून टॉवरवरून मध्येच फोन करून विचारते, सही झाली का. चार वाजताच्या रकान्यात अजून नाव नाही. गल्लीतला एक मुलगा पेपरच्या लाइनीसाठी साडेतीनला उठतो, या रविवारी त्याला विचारायचं ठरलंय.